स्टेशनवर बग्गी लागेल

रत्नागिरीत गुन्हे कमी होण्यामागे पोलिसांचा हात आहे, असा एक गैरसमज आहे. खरं कारण मी, संदेश भाटकर, खाजगी गुप्तहेर. मिरकरवाड्यातून नाहीशी झालेली सुरमई मीच शोधून काढली. ती तोवर मांजराच्या पोटात होती, हा भाग वेगळा.

परवा सकाळी मासळी विकणाऱ्या शकूमावशीनं पाटी दाराबाहेर ठेवली आणि आत येऊन मोबाइल माझ्यापुढे धरला. लंडनला हॉटेलात कुक असलेल्या तिच्या रूपेशचा मेसेज होता : 'आई, उद्या येतोय. स्टेशनवर बग्गी लागेल. बाकी आल्यावर सांगतो.'

"मेल्यानं लगीन केलंन काय रे? मला न सांगता?" तिचे डोळे भरले. "फोन पण लागत नाय. इमानात असंल."

मी भिंग काढलं. मोबाइल वाचायला भिंग लागत नाही, पण गिऱ्हाइकाला धीर येतो. "बग्गीत कोण बसतं, मावशी? नवरदेव. आणि 'बाकी' म्हणजे बायको. केस मिटली."

मावशी रडायलाच लागली. तेवढ्यात माझी बायको योगिनी चहा घेऊन आली. तिची बहीण लंडनजवळ असते.

"तिकडे बग्गी म्हणजे बाबागाडी," ती म्हणाली. "अमेरिकेत तिलाच स्ट्रोलर म्हणतात."

"म्हणजे मूलसुद्धा आहे!" मी म्हणालो. "केस वाढली."

"नातू?" मावशीचं रडं थांबलं. सुनेवरचा राग कुठच्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी ती झबलं-टोपडं घेऊन स्टेशनवर हजर. एकही तर्क वाया जाऊ नये म्हणून मी बाबागाडी आणली होती आणि वरातीची बग्गीही, घोड्यासकट.

गाडी आली. रूपेश एकटाच उतरला. कुबड्यांवर. पाय प्लास्टरमध्ये.

"नवरी कुठाय? बाळ कुठाय?" मावशी डब्यात डोकावली.

"कसलं बाळ? किचनात घसरलो गो. तू घाबरशील म्हणून बोललो नाय. बग्गी कुठाय? विमानतळावर पाय मोडलेल्यांना फिरवतात ती, बॅटरीवाली?"

मावशीनं त्याला घट्ट मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला, मग झबलं पदराखाली दडवलं.

बॅटरीवाली नव्हतीच. मायलेक वरातीच्या बग्गीत बसले, प्लास्टर समोरच्या सीटवर. रूपेशची बॅग बाबागाडीत घालून मी मागून ढकलत निघालो. मिरकरवाड्यात मावशीच्या शेजारच्या बायका धावत बाहेर आल्या. "सून कुठाय गो शकू?"

मावशी मागे वळली. "भाटकरा, लगीन तूच शोधलंस ना रे? मग आता पोरगी पण तूच शोध."