बगळ्याची ओळख पटली

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या मोटारीच्या नाकावरचा बगळा चोरीस गेला. आम्ही सुशिक्षित माणसं, त्यामुळे रीतसर तक्रार नोंदवली. चूक झाली ती इथंच.

मोटार मूळची, वडील ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते त्या मालकांची. सत्तर वर्षांपूर्वीची, लांबलचक, बॉनेटच्या टोकाला पंख पसरलेला पितळी बगळा. वडिलांनी ती चाळीस वर्षं चालवली. बगळ्याची चोच रस्त्याच्या कडेवर धरायची, की गाडी बरोबर जाते, हे त्यांचं शास्त्र. आईला मात्र त्या गाडीत एकदाही बसायला मिळालं नाही. मालक गेल्याच महिन्यात वारले, आणि जाताना गाडी वडिलांच्या नावानं ठेवून गेले. तीन महिन्यांनी वडिलांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि परवाना त्याच दिवशी संपणार होता. म्हणून रविवारी आईला मागच्या सीटवर बसवून तळ्यापर्यंत न्यायचं ठरलं होतं. तिनं कपडेसुद्धा इस्त्री करून ठेवले होते.

"बगळा आल्याशिवाय मी चाक धरणार नाही," वडील म्हणाले. "आणि तिला घेऊन तर नाहीच."

दोन दिवसांत चोर बगळ्यासकट सापडला. मी हरखून पोलीस ठाण्यात गेलो. बगळ्याच्या पायाला लाखेची मोहर होती आणि गळ्यात चिठ्ठी: मुद्देमाल क्रमांक सतरा. हा तुमचाच कशावरून, असं अंमलदारांनी विचारलं. मी फोटो दाखवला. फोटोत बगळा आहे हे त्यांना मान्य होतं. तो हाच आहे हे नव्हतं. कोठडीतून चोरानं आपण होऊन सांगितलं की, यांच्याच गाडीचा आहे, मीच काढला. अंमलदारांनी त्याला गप्प बसवलं. आरोपीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर तपास कशाला करायचा, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

शेवटी तोडगा निघाला. बॉनेटवरची स्क्रूची भोकं बगळ्याच्या बुडाशी जुळवून पाहायची. बॉनेट एकटं येत नाही, म्हणून अख्खी गाडी ठाण्याच्या आवारात नेली. पंचनामा झाला, भोकं तंतोतंत जुळली, सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात अंमलदारांनी हात आडवा केला. भोकं हा आता पुरावा होता आणि ती गाडीत होती. गाडीला क्रमांक अठरा मिळाला.

चोर गुन्हा कबूल करायला एका पायावर तयार होता. पण त्याआधी बगळ्याबद्दल तज्ज्ञाचा अहवाल हवा होता, आणि तज्ज्ञाचं पद चार वर्षं रिकामं होतं. जामिनावर सुटल्यावर चोर आमच्या घरी आला. वडिलांसमोर मान खाली घालून बसला.

"काका, तुम्ही तक्रार कराल असं वाटलं नव्हतं हो," तो म्हणाला. "नाहीतर कशाला हात लावला असता?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांनीच त्याची समजूत काढली.

परवाना संपला त्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. अंमलदार माणूस वाईट नव्हता. 'मुद्देमालाची पाहणी' म्हणून त्यांनी दहा मिनिटं दिली. चाकांभोवती गुडघाभर गवत वाढलं होतं. वडिलांनी मागचं दार उघडून धरलं. इस्त्रीच्या कपड्यांत आई आत बसली. मग ते पुढं जाऊन स्टिअरिंगमागं बसले आणि बॉनेटवरच्या दोन भोकांकडं बघत राहिले.

"अहो," आई मागून म्हणाली, "सावकाश चालवा."

मला ते बघवेना. मी गवताकडं बघत उभा राहिलो.

त्या वर्षी आमच्या भागात आणखी बऱ्याच चोऱ्या झाल्या. आमची गत पाहून तक्रार कुणी केली नाही. वर्षअखेरीस सर्वांत कमी गुन्ह्यांबद्दल आमच्या ठाण्याचा सत्कार झाला. सभागृह खच्चून भरलं होतं. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. तुमची सायकल गेली होती ना? तरी टाळ्या माझ्यापेक्षा तुम्हीच जोरात वाजवल्या.