गोळीचा उपास

महादू गोळी घेतो तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी खाली बसायचं, असा त्याचा कायदा आहे.

मासळीबाजार असो, एसटीचा थांबा असो, नाहीतर कुणाचं मयत असो. छातीत कळ आली की तो एक हात वर करतो आणि म्हणतो, "बसा. गोळी हाय." आणि माणसं बसतात. महादू आमच्या थळच्या कोळीवाड्यातला जुना तांडेल. होडी ज्याच्या हुकमावर चालते तो तांडेल. जन्मभर त्याच्या 'बस' वर खलाशी बसले आणि 'उठ' वर उठले. ती सवय गेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की दुखलं की आधी बसा आणि मग ती बारकी गोळी जिभेखाली ठेवा. उभ्याने घ्याल तर रक्ताचा दाब उतरून चक्कर येईल, पडाल. त्या 'बसा' वर महादूने आपलं शहाणपण चढवलं. "होडीत एक जरी उभा राह्यला तरी ती कलंडते. मी एकटा बसून काय उपेग?" बँकेत एकदा त्याने सगळी रांग खाली बसवली होती. कॅशियर आधीच बसलेला होता म्हणून वाचला.

हा माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, यमुनाचा, थोरला भाऊ. मी त्याच्याच होडीवर खलाशी होतो. होडीवर तो मला 'अरे गाढवा' म्हणायचा आणि किनाऱ्याला पाय लागला की 'दाजी, तुमी'. बहिणीच्या नवऱ्याचा मान जमिनीवर ठेवायचा, पाण्यावर नाही, असं त्याचं मत.

यमुना गेल्या शिमग्याला गेली. मी चौथीपर्यंत शिकलो, मला गोड लिहिता येत नाही. ती गेली आणि घर रिकामं झालं, एवढंच लिहितो. आमची दोन घरं एका भिंतीची. सकाळी भिंतीपलीकडून महादूचा खोकला ऐकू आला की मी चुलीवर चहा ठेवतो. नाही आला तर टोप हातात धरून उभा राहतो. चहा ठेवू की धावत जाऊ, ते कळत नाही. मग तो खोकतो आणि मला त्याचा राग येतो.

छातीत दुखण्याला तो दुखणं म्हणत नाही. "नांगर पडला," म्हणतो. छातीवर कुणीतरी लोखंडी नांगर टाकावा तसं होतं म्हणे, आणि डाव्या हातात त्याचा दोर ओढला जातो. त्याला दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत. मोठी रोजची, नांगर पडूच नये म्हणून. बारकी, पडलाच तर. बारकी काचेच्या बाटलीत येते आणि त्याच बाटलीत ठेवायची, बूच घट्ट लावून. ऊन नको, ओल नको. महादूने पहिल्याच महिन्यात ती बाटलीतून काढून तंबाखूच्या चंचीत घातली. दाखवायला नेली तेव्हा बाईंनी वास घेतला आणि विचारलं, "ही गोळी आहे की मशेरी?" तंबाखू सुटली, बाटली नवी आली. आता ती बाटली घरात देवाच्या फळीवर आणि बाहेर जाताना रुमालात. मी दिवसातून कितीदा तरी विचारतो, "बाटली घेतलीस?" तो म्हणतो, "दाजी, तुमी मला इचारता का बाटलीला?"

मोठ्या गोळीने सुरुवातीला त्याचं डोकं ठणकायचं. मी घाबरलो. बाई म्हणाल्या, होतं असं, रक्ताच्या नळ्या सैल होतात, हळूहळू कमी होईल, पण त्यापायी गोळी सोडायची नाही. तेव्हापासून डोकं दुखलं की महादू खुशीत. "इंजिन चालू झालं," म्हणायचा. नाही दुखलं तर सुनेला, रंजनाला, विचारायचा, "गोळी जुनी तर न्हाय ना दिली तुला मेडिकलवाल्यानं?"

झटकन उठायचं नाही, हाही बाईंचा हुकूम. महादू खाटेवरून उठतो ते होडी वाळूवर ओढल्यासारखं. आधी एक पाय, मग दुसरा, मग बसून राहणं, मग इकडेतिकडे बघणं. गणपतीत आरतीला तो उठायला सुरुवात करतो आणि उभा राहतो तोवर प्रसाद वाटून झालेला असतो.

एकदा बाईंनी आवाज खाली करून विचारलं, "आजोबा, ती पुरुषांची ताकदीची गोळी वगैरे घेत नाही ना? ती आणि ही एकत्र झाली तर दाब एवढा उतरतो की माणूस जातो." महादू आधी लाजला, मग फुगला. सत्तरी उलटलेल्या माणसाला कुणीतरी हे विचारलं, याचा त्याला आठवडाभर अभिमान होता. मग त्याने गावाचं भलं करायचं ठरवलं. भजन संपलं की टाळ खाली ठेवून विचारायचा, "कोन छातीची गोळी खातो? आन तसली कोन खातो? दोनी खानारा कोन असंल तर आजच बोला." कोण बोलतोय? पण दोन म्हातारे दुसऱ्या दिवशी गुपचूप अलिबागच्या दवाखान्यात जाऊन आले, ते मी बघितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

पूर्वी मोठी गोळी तो सकाळी, दुपारी आणि रात्रीही घ्यायचा. पुढे नांगर पुन्हा पडायला लागला. बाईंनी औषधांचा कागद बघितला आणि रात्रीची बंद केली. महादू चिडला. आजार वाढला आणि औषध कमी केलं, हा कुठला न्याय? बाईंनी समजावलं, "शरीराला गोळीची सवय होते, मग ती लागू पडत नाही. सकाळी घ्या, दुपारी घ्या, रात्री गोळीला उपास." हे त्याला पटलं. बाहेर आल्यावर मलाच समजावलं, "पावसाळ्यात आपन होड्या वर घेतो का न्हाय? बाराही म्हयने जाळं टाकलं तर दर्या काय देनार? तसंच हे." मी म्हटलं, बरोबर. आणि निर्धास्त झालो. तेच चुकलं.

यमुना गेल्यापासून महादू संकष्टी धरायला लागला होता. जन्मभर बोंबील खाल्लेला माणूस. मला वाटलं, छातीला भ्याला, म्हणून देव आठवला. मी त्याला चिडवायचो, "गनपतीला तुझं नाव तरी ठाव हाय का?" तो उलट बोलायचा नाही. हे मला नवीन होतं, पण मी विचारलं नाही.

बाईंनी रात्रीची गोळी बंद केल्यानंतरची पहिली संकष्टी शनिवारी आली. सकाळी खोकला ऐकला, चहा प्यालो. दुपार कलली तरी पलीकडे शांत म्हणून गेलो. महादू पडवीत खाटेवर बसलेला, मांडीवर फाटकं जाळं. तोंड राखेसारखं, कपाळावर घाम. हात छातीवर होता, वर केलेला नव्हता. मला बघूनही 'बसा' म्हणाला नाही.

"नांगर पडला?"

त्याने मान हलवली.

"बारकी घेतलीस?"

"आज न्हाय."

"काय आज न्हाय?"

"संकष्टी हाय. चंद्र निगाला की घीन."

"सकाळची मोठी?"

"गोळीचा पन उपास. डॉक्टरीणबाई सोता म्हनाली, गोळीला उपास लागतो. संकष्टी सुटते रात्री. मंग दिवसा घिऊन कसं चालंल?"

मी रंजनाला ओरडून रिक्षा आणायला पिटाळलं. देवाच्या फळीवरची बाटली काढली, एक गोळी तळहातावर घेतली, त्याच्या तोंडाशी नेली. त्याने दात मिटले. खेकड्याने नांगी मिटावी तसे.

"अरे, ती पोटात जात न्हाय. जिभेखाली इरघळते. उपास मोडत न्हाय तुझा."

दातांच्या फटीतून म्हणाला, "इरघळली तरी गोडसर लागते."

"महादू, तुला जगायचं हाय का न्हाय?"

"मला कशाला सांगता? माझ्यासाठी न्हाय धरला."

"मंग कोनासाठी?"

त्याने जाळ्याच्या एका गाठीवर बोट ठेवलं. श्वास घेत घेत बोलला. "यमी धरायची तुमच्यासाठी. लगीन झाल्यापास्नं. ती गेली. आता तुमच्यासाठी कोन धरनार, दाजी? तुमाला सोताला तर एक येळ बोंबील न्हाय मिळाला तर घर डोक्यावर घेता."

यमुना संकष्टी धरायची ते मला ठाऊक होतं. कुणासाठी, ते ती बोलली नव्हती. भावाला सांगितलेलं दिसतं. मी तळहातावर गोळी घेऊन तसाच उभा. पण वेळ नव्हता.

मी म्हटलं, "ज्याच्यासाठी धरलास तो मीच ना?"

"व्हय."

"मंग मी सांगतो, सोड. माझ्या नावाचा उपास, मी सोडवला."

त्याने माझ्याकडे बघितलं. यात कुठे खोट आहे का, ते शोधत होता. सापडली नाही. त्याने तोंड उघडलं.

गोळी जिभेखाली ठेवली. रिक्षा सांगून आलेली रंजना तांब्या घेऊन धावली, तिला मी अडवलं, पाणी नाही द्यायचं. पाच मिनिटांत कळ उतरली नाही तर घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे बाईंनी पढवलेलं होतं. कळ उतरली नाही. रिक्षा निघाली आणि रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची ही माळ. शनिवार ना, सगळे किहीमच्या बंगल्यांवर निघालेले. रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. महादूचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी त्याच्या नाकाशी बोटं धरून बसलो होतो. रंजना म्हणाली, "मामा, ते बोलतायत तुमच्याशी." मला ऐकू येत नव्हतं. माझं सगळं ध्यान बोटांवर होतं.

वाचला. दवाखान्यात नळ्या लावल्या, सुया टोचल्या, दुसऱ्या दिवशी तोंडावर रंग आला. बाईंना झालेलं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी उपास म्हणायला नको होतं, सुट्टी म्हणायला हवं होतं."

महादू खाटेवरून म्हणाला, "तुमी सुट्टी म्हनाला असता तर मी रैवारी घेतली नसती."

बाई हसल्या, पण मग बोट उगारून सांगितलं. संकष्टी असो, रविवार असो, ग्रहण असो, सकाळची आणि दुपारची रोज घ्यायची. आपल्या मनाने बंद करायची नाही. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. औषधाला कुठलाच उपास नाही. महादूने सगळ्याला "व्हय" म्हटलं. मी ते शब्द मनात घोकून ठेवले.

बाई गेल्यावर त्याने दाराकडे नजर टाकली. मग म्हणाला, "तुमच्या संकष्टीचं काय आता?"

"आता तुझा उपास बंद. तुझ्यासाठी मी धरतो."

"तुमी?"

"व्हय, मी."

"जमंल?"

"न जमायला काय झालं?"

तो वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिला. मग हळूहळू कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं आणि तिकडूनच म्हणाला, "यमी साबुदान्यात मिरची जास्ती घालायची. तुमी कमी घाला. तुमाला सोसत न्हाय."