घाटनाक्यावरील एकतीस चाकांची हकीकत

श्रीगजवदनास साष्टांग नमन, ऐकणारांस क्षेम. शके सोळाशे एकोणसाठ, पिंगलनाम संवत्सरी, एका राज्यी ऐसे वर्तमान जाहले कीं, पूर्वी कलालांची दारूची दुकाने दिवेलागणीपूर्वीच बंद होत आणि माणसे गाड्या जुंपोन उजेडी घरी जात. मग कारभारी विसाजीपंत यांणी अर्ज केला कीं, "महाराज, वेळ थोडा म्हणोन लोक घटाघटा पितात. प्रहर रात्रीपर्यंत मुभा द्यावी, म्हणजे सावकाश पितील आणि शहाण्यासारखे घरी जातील." महाराज भोळे, "बहुत बरे" म्हणाले आणि शिक्का जाहला. मग काय पुसता! लोक घटाघटाच प्याले, फक्त प्रहर रात्रीपर्यंत प्याले, आणि मग गाड्या घाटाच्या उतारास लागल्या.

घाटनाक्याचे नाकेदार बहिरजी यांचा शिरस्ता ऐसा कीं, घाटात मोडले चाक नाक्याच्या भिंतीस टेकवावे, धनी येऊन नेईल. पूर्वी वर्षास चार चाके जमत. हुकुमानंतर तीन महिन्यांत एकतीस जमली, आणि त्यांतील सातांचे धनी न्यावयास उरलेच नाहीत. त्यांत रखमाई कुंभारीण होती, जिणे उभ्या जन्मात थेंब शिवला नव्हता. समोरून पिणाऱ्याची गाडी आली आणि बाई गेली. तों बहिरजींच्या लेकीचा, चिमाबाईंचा, सांगावा आला कीं, "बाबा, सातवा लागला. येत्या बाजारच्या दिवशी बाळंतपणास निघते. वाट लांबची, घाट चढता अंधार होईल." बहिरजी अंगणात येरझारा घालू लागले. अन्न गोड लागेना. तेव्हां घरधनीण तुळसाई कडाडल्या, "अहो, नुसत्या येरझारा काय घालता? ती चाके घेऊन दरबारी जा की!"

मग बहिरजी गेले आणि एकतीस चाके दरबारी खांबांस टेकवोन उभे राहिले. पंत संतापले, "नाकेदार, हा काय सुताराचा कारखाना वाटला?" बहिरजी म्हणाले, "पंत, आपल्या सावकाश पिणाऱ्यांची ही चाके." महाराज स्वतः उठले आणि एकेक चाक कोणाचे ते पुसत चालले, आणि रखमाईच्या चाकापाशी, बाई थेंब न शिवता गेली हे ऐकोन, मटकन खाली बसले. "आमचेच चुकले," म्हणाले, आणि दुकाने पूर्ववत दिवेलागणीपूर्वी बंद करावी ऐसा हुकूम त्याच दिवशी सुटला.

बाजारच्या दिवशी अंधार पडतां बहिरजी दिवटी घेऊन नाक्यावर उभे. घाट रिता, शांत. मग घुंगरे वाजली आणि गाडी आली. चिमाबाई खाली उतरोन म्हणाल्या, "अहो बाबा, लेक इकडे आहे, चाके काय मोजताय?" चाके दोन्ही शाबूत होती. बहिरजींचा जीव भांड्यात पडला, आणि रडता रडता हसूही आले.

तात्पर्य, पुढील वर्षात नाक्यावर एकच चाक जमले, तेही विसाजीपंतांचे, भर दुपारी, खड्ड्यात. बहिरजींनी तोंड हुंगोन 'पंत शुद्धीत होते' ऐसे लिहोन दिले. दरबारातून परत आणलेली सात बेवारस चाके मात्र भिंतीशीच राहिली. चिमाबाईंची लेक त्यांसच धरोन उभी राहावयास शिकली. जाहले ते लिहिले, लेखनसीमा.