मर्व्हची भट्टी

मर्व्हची शवपेटी भट्टीच्या तोंडाशी येऊन तास उलटला, तरी दार काही उघडेना. आतलं तापमान साडेआठशे अंशांवर टिकल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा त्या यंत्राचा खाक्या. आणि कालच बसवलेला तापमानाचा नवा कंट्रोलर तो आकडा टिकू देईल तर शपथ!

"चारपर्यंत नाही जमलं तर पेटी दूर अ‍ॅडलेडच्या स्मशानात पाठवावी लागेल," स्मशान सांभाळणारी रॉन्डा हळूच म्हणाली.

मर्व्हच्या बायकोला, एनिडला, डॉक्टरांनी प्रवासाची बंदी केली होती. म्हणजे शेवटच्या निरोपाला मर्व्हजवळ ती नसणार! क्लेम आणि मर्व्ह जस्ताच्या कारखान्यात जन्मभर असल्याच भट्ट्या जुळवत आले होते. क्लेमने कोट काढला आणि तो मागच्या यंत्राच्या खोलीत शिरला. जुनी पद्धत साधी होती. कंट्रोलरचा जोर वाढवत न्यायचा, तापमान एका लयीत वरखाली झुलू लागलं की जोर निम्म्यावर आणायचा. जोर वाढवून तो बाहेर एनिडशेजारी येऊन बसला.

घोळ एवढाच, की मयताला आलेले सगळे कारखान्याच्या त्याच भट्टीखात्यातले. डग "सिगारेट ओढून येतो" म्हणून उठला, झुलता आकडा पाहून हळहळला आणि जोर कमी करून आला. मग लेस्टर गेला, मग आणखी दोघे. भट्टी सुस्त, आज्ञा तिला पाव तासाने कळायची. त्यामुळे प्रत्येकाला आधीच्याचे प्रताप दिसायचे आणि तो बिचाऱ्या यंत्राला शिव्या घालून नवं काहीतरी फिरवायचा. शेवटी भोंगा वाजला, चिमणीतून काळा धूर निघाला आणि सगळे यंत्राच्या खोलीत धावले.

"कुणी हात लावला?" क्लेम ओरडला.

"मी आपलं इवलंसं..." डग म्हणाला.

"गाढवा, मी लय मोजत होतो!"

"मर्व्ह असता तर आधी जोराला एकच धक्का देऊन भट्टी काय करते ते बघितलं असतं," लेस्टरने अक्कल पाजळली.

"मर्व्ह असता तर तुझ्या टाळक्यात पाना घातला असता!"

"मर्व्ह आहे," दारातून एनिड म्हणाली. "बाहेर, पेटीत. मेल्यांनो, निघा सगळे! सँडविच खा जा."

क्लेमने अंदाजाने जोर निम्म्यावर आणला आणि मान खाली घालून बाहेर पडला. एनिड मांडीवर पर्स घेऊन एकटीच आत बसली. बाकीचे सँडविच हातात धरून चिमणीकडे बघत राहिले.

चारला थोडा अवकाश असताना दार उघडलं. पेटी आत गेली. आकडा साडेआठशेवर ठाम.

"नेमका जोर लावला होतास, क्लेम," डग नाइलाजाने म्हणाला.

एनिड डोळे पुसत होती. "तो नाही, मी. मध्ये मला राहवेना, म्हणून ते बटण जरासं फिरवलं. मर्व्हनं मला घरच्या हीटरलाही कधी हात लावू दिला नाही रे!" आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

क्लेमने तिला जवळ घेतलं. त्याचेही डोळे भरून वाहत होते. बराच वेळ त्याने दम धरला. मग मात्र त्याला राहवलं नाही.

"एनिड," तो कानाशी पुटपुटला, "कुठल्या बाजूला फिरवलंस गं?"