तीन बटणांचं इंग्रजी

इंग्रजीतल्या 'इन', 'ऑन' आणि 'ॲट' या तीन शब्दांना आमच्या ऑफिसात माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात मी अकरा वर्षं हेडक्लार्क. तक्रारी तोंडी येतात, उत्तरं इंग्रजीतून जातात. आणि उत्तर लिहायला बसलं की भले भले इंजिनिअर या टीचभर शब्दांपाशी येऊन थांबतात. तिसऱ्या मजल्यापाशी 'इन' लावायचं की 'ऑन' की 'ॲट'? तिकडे गिऱ्हाईक लिफ्टमध्ये अडकलेलं आणि इकडे इंजिनिअर कागदावर!

आपल्या मराठीत कसं सोपं आहे. टेबलावर, टेबलाखाली, टेबलाजवळ. शब्द कडेवरच्या पोरासारखा नामाला चिकटून बसतो, हरवायची भीती नाही. इंग्रजीत तो पुढे पुढे सुटा चालतो आणि दर वळणावर बदलतो. माणूस मोटारीत बसला तर 'इन' आणि बसमध्ये बसला तर 'ऑन'. का? बसच्या टपावर बसतो का तो?

तर अशा वेळी सगळे माझ्याकडे यायचे. मी वर पंख्याकडे बघायचो, उजवा हात हळूच खणात घालायचो आणि दोन क्षणांनी म्हणायचो, "ऑन." विषय संपला! माझं नावच 'डिक्शनरी' पडलं होतं.

आता खणात काय होतं ते सांगून टाकतो. खणात तीन बटणं होती. पांढरं म्हणजे 'इन', काळं म्हणजे 'ऑन', तपकिरी म्हणजे 'ॲट'. न बघता हाताला लागेल ते काढायचं. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं एक पत्र परत आलं नाही. मग चांगली चाललेली पद्धत बदलणारा मी कोण?

घोटाळा झाला तो घरी. माझी बायको मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते. चादरी, अभ्रे, पेशंटचे कपडे. सहा वर्षं तळघरात, वाफेत, बिनखिडकीच्या खोलीत. वरच्या मजल्यावर सुपरवायझरची जागा निघाली. टेबल, रजिस्टर आणि खिडकी! अट एकच, इंग्रजीची लेखी परीक्षा. वॉर्डांना चिठ्ठ्या इंग्रजीत जातात ना. पेपरात वीस रिकाम्या जागा आणि त्या भरायच्या होत्या याच टीचभर शब्दांनी.

"अहो, मला बाकी काही नको," ती म्हणाली, "त्या खिडकीशी बसून एकदा चहा प्यायचाय. तुम्ही शिकवाल ना?"

"अगं, हे काय विचारणं झालं? माझा हातखंडा आहे तो!" मी म्हणालो. माणसाची जीभ कधी कधी मालकाला न विचारता बाहेर पडते.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बटणं खिशात घालून घरी आणली. सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. ती वही घेऊन समोर बसली. मी छताकडे बघत शर्टाच्या खिशात दोन बोटं घालायचो.

"'तो दार... उभा आहे.' इथे काय येईल?"

"ऑन!"

तिने लिहून घेतलं. मंगळवारी तेच वाक्य पुन्हा आलं.

"ॲट!" मी म्हणालो.

"काल तर ऑन म्हणालात!"

"काल सोमवार होता," मी म्हणालो. हे कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. "मंगळवारी ॲट लागतं. फार कमी लोकांना ठाऊक आहे."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि गुपचूप वहीत लिहिलं, 'मंगळवारी ॲट'. मग काय, एक खोटं झाकायला दहा! मऊ वस्तूंना 'ऑन'. वडीलधाऱ्यांना मान म्हणून 'ॲट'. बंद दुकानाला 'इन', पण उघडल्यावर नाही. दोन आठवड्यांत वही निम्मी भरली. ती खाली मान घालून लिहायची, कधी कधी पदर तोंडाशी धरायची. मला वाटायचं, बिचारी थकली. रात्री पडल्या पडल्या मला तिची ती खिडकी दिसायची. खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं. सकाळी धीर व्हायचा नाही.

परीक्षेचा दिवस आला. ती लवकर निघून गेली होती. मला उशीर झाला होता, खुर्चीवर इस्त्री केलेला शर्ट होता, तो अंगात चढवला आणि पळालो. बटणं लागली म्हणजे झालं, त्यांच्याकडे बघतो कोण?

ऑफिसात पाऊल ठेवतो तो मोठे साहेब माझ्या टेबलापाशी उभे! "डिक्शनरी, बसा. तातडीचं पत्र आहे. आपली सगळ्यात मोठी इमारत हातची जातेय. मी एकेक वाक्य वाचतो, तुम्ही शब्द सांगा. टायपिस्टबाई, मशिनवर बसा."

मी पंख्याकडे पाहिलं. खिशात दोन बोटं घातली. खिसा रिकामा! खण उघडला. खणही रिकामा! घाम फुटला. मान खाली घातली आणि मला दिसलं.

या शर्टाची तीन बटणं महिन्यापूर्वी तुटली होती, मी टाचण्यांवर भागवत होतो. आणि आमच्या हिची सवय अशी, की सुटं बटण दिसलं की तिचे हात शिवशिवतात. धुलाईखान्यात पेशंटच्या कपड्यांना मिळेल त्या रंगाचं बटण लावतात, तिथे रंगाचे चोचले नसतात. आदल्या दिवशी धुवायला टाकताना खिशात तीन बटणं सापडली, शर्टाला तीनच कमी होती. झालं! वरून दुसरं पांढरं, तिसरं काळं, चौथं तपकिरी. माझं अख्खं इंग्रजी माझ्याच छातीवर घट्ट शिवलेलं होतं!

"बोला," साहेब म्हणाले.

काहीही ठोकून द्यायचं होतं, दुसरा कुणी असता तर त्याने दिलंही असतं. पण अकरा वर्षांची श्रद्धा! बटण हाताला लागल्याशिवाय तोंड उघडेना. शेवटी मी डोळे मिटले आणि एक बोट छातीवर गोल गोल फिरवू लागलो. जिथे थांबेल ते बटण.

"अगंबाई! यांच्या छातीत कळ आली!" टायपिस्टबाई ओरडल्या.

"नाही हो, ते..."

"बोलू नका!" साहेब गरजले. "घाम बघा केवढा आलाय! उचला!"

इथेच खरं सांगायला हवं होतं. पण मनात हिशेब केला, डिक्शनरी लबाड निघाली यापेक्षा डिक्शनरीला झटका आला, हे जास्त अब्रूचं. मी आणखी थोडे डोळे मिटले. चौघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि पाच मजले जिन्याने खाली नेलं. कारण लिफ्ट बंद होती. तक्रार केली होती, पण ती आमच्याच विभागात पडून होती!

जवळचं मोठं हॉस्पिटल म्हणजे बायकोचंच. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी स्ट्रेचरवर आडवा होतो, साहेब आणि टायपिस्टबाई दोन्ही बाजूंना होते आणि अंगाखालच्या चादरीला ओळखीच्या साबणाचा वास येत होता. छातीला तारा लावल्या, यंत्राने कागद ओकला. डॉक्टरीणबाई तो बघत होत्या, एवढ्यात एक नर्स वाकून म्हणाली, "अगं बाई, हे तर आपल्या धुलाईताईंचे मिस्टर! त्या वर परीक्षेला बसल्यात. थांबा, बोलावून आणते!"

ती निघालीसुद्धा! घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पेपर अकराला सुरू झालेला. ही धावत खाली आली असती, पेपर तिथेच राहिला असता आणि पुन्हा सहा वर्षं तळघर. माझ्यामुळे! माझ्या छातीत तेव्हा पहिल्यांदा खरोखर कळ आली.

"थांबा!" मी तारांसकट उठून बसलो. "तिला बोलावू नका! मला काही झालेलं नाही. मला इंग्रजी येत नाही!"

"भ्रम झालाय," साहेब हळूच डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"भ्रम नाही, साहेब! हे बघा, पांढरं इन, काळं ऑन, तपकिरी ॲट! अकरा वर्षं मी बटणं काढून सांगत आलोय. तुमच्या एकाही पत्रातला एकही शब्द मला ठाऊक असून लिहिलेला नाही!"

नर्स दारात थांबली. साहेब खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. बाकीचं आमच्याकडे नाही."

"पण मग पत्रं?" साहेबांचा आवाज बारीक झाला. "एक पत्र परत आलं नाही कधी!"

"कसं येईल?" टायपिस्टबाई शांतपणे म्हणाल्या. "टाइप करताना मी बदलत होते. पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी? सगळे पंख्याकडे बघत होते."

साहेब माझ्या शर्टावरची बटणं मोजू लागले.

बारा वाजता ही खाली आली. मला स्ट्रेचरवर बघून पांढरी पडली, सगळं ऐकल्यावर लाल झाली आणि मग पदर तोंडाशी धरून हसत सुटली. तेव्हा मला कळलं, दोन आठवडे ती थकून पदर धरत नव्हती.

"अहो, मंगळवारचा नियम ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही मेट्रनबाईंना दाखवली. त्यांनीच शिकवलं मला, रोज जेवणाच्या सुट्टीत."

"मग संध्याकाळी माझ्यापुढे कशाला बसायचीस?"

"तुम्ही किती मन लावून शिकवत होतात!" ती म्हणाली. "आणि सहा वर्षांत आपण रोज तासभर समोरासमोर बसलो होतो कधी?"

मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला नवीन होतं.

शुक्रवारी निकाल लागला. वीसपैकी एकोणीस! जागा तिला मिळाली. पहिल्या दिवशी मला मुद्दाम वर नेऊन तिने खिडकी दाखवली. खिडकीतून दिसते फक्त पाण्याची टाकी. पण ती टाकीकडे बघत चहा प्यायली आणि म्हणाली, "केवढा उजेड आहे ना!"

ऑफिसात पत्रांचं टेबल आता टायपिस्टबाईंकडे आहे. माझ्याकडे लिफ्टच्या किल्ल्या आहेत. शर्ट मी अजून वापरतो, बटणं बदलू दिली नाहीत.

"ते एक कुठलं गं चुकलं?" मी तिला खिडकीपाशीच विचारलं होतं.

"दाराचं वाक्य नाही, ते बरोबर आलं. पुढचं होतं, भिंतीवरच्या घड्याळाचं. येत होतं मला. पण मंगळवार होता ना, तुमची आठवण झाली. म्हटलं, एक तरी तुमच्या नावाचं असू दे. लिहिलं ॲट."

मी माझ्या कपातला चहा संपवला. पण तुम्हाला म्हणून सांगतो, ते उत्तर बरोबर असणार. तपासणाऱ्याने वार बघितला नसेल!