पाण्यावरची बारा अंडी

"आज ना उद्या विज्ञानाला माझ्या झाडपाल्यापुढे मान तुकवावीच लागेल," वैद्यबुवांनी जाहीर केलं. विज्ञान त्या वेळी स्वयंपाकघरात करपलेलं पातेलं घासत होतं, आणि त्याची मान आधीच तुकलेली होती.

हे विज्ञान म्हणजे बुवांची सून. एका प्रयोगशाळेत ती औषधी वनस्पतींचे अर्क तपासायची. अमुक पाल्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात की नाही, एवढाच प्रश्न. कारण रक्त पोचलं तर जखम भरते. त्यासाठी माणूस लागत नाही, अंडं पुरतं. कोंबडीचं फलित अंडं उबवणी यंत्रात ठेवायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर रोज अर्काचा थेंब टाकायचा, खिडकीला चिकटपट्टी लावायची आणि तीन दिवसांनी भिंगातून लाल फाटे मोजायचे. वरच्या ओळीतल्या बारा अंड्यांना अर्क, खालच्या बारांना नुसतं पाणी. दोन ओळींत फरक दिसला तर पाला खरा.

सासऱ्यांच्या गच्चीवरच्या झुडपाचा पाला तिने यादीत घातला, तो घरात शांतता नांदावी म्हणून. पण रस ताजाच हवा. त्यामुळे बुवा रोज सकाळी बाटली घेऊन स्वतः प्रयोगशाळेत येऊ लागले, आणि तिथल्या म्हाताऱ्या मदतनिसाशी त्यांची गट्टी जमली.

पहिल्या खेपेला वरच्या ओळीत लाल फाट्यांचं नुसतं रान माजलं होतं. सुनेने खुशीत खालची ओळ उघडली. तिथेही तेवढंच रान.

"पाण्याने शिरा फुटल्या?" प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी चष्मा काढला. "असं छापायचं का आपण? मग औषधं कशाला, लोकांना नळाखाली बसवू."

दुसऱ्या खेपेलाही तेच. बाई म्हणाल्या, "आता शुक्रवारी शेवटची मोजणी. फरक दिसला नाही तर हा पाला यादीतून बाद. सासऱ्यांना तुम्हीच सांगायचं."

त्यापेक्षा उबवणी यंत्रात जाऊन बसणं सुनेला परवडलं असतं. पण भीतीपेक्षा कुतूहल मोठं. त्या पाण्यात आहे तरी काय? तिने पाणी बदललं, ड्रॉपर बदलला, तापमापक तपासला, शेवटी अंडीवाल्याला फोन लावला.

"ताई, माझ्या कोंबड्या खात्यापित्या घरच्या," तो अभिमानाने म्हणाला. "रक्ताला कमी नाही त्यांच्या."

मग तिने दुसऱ्या खेपेची अंडी पुन्हा भिंगाखाली धरली. खालच्या ओळीतल्या एकाच्या चिकटपट्टीच्या कडेला हिरवा ठिपका होता. दुसऱ्यालाही. बाराच्या बारांना होता. शेजारी मदतनीस आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागला.

"काका, खालच्या ओळीला कोण हात लावतं?"

"मी नाही लावत. मी फक्त दारावर उभा असतो."

"कशासाठी?"

"तुम्ही चहाहून परत येता का बघायला."

तेवढ्यात बाटली घेऊन बुवा आत आले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मीच देतो. वरच्यांना तू देतेस, खालच्यांना मी."

"बाबा, खालच्यांना पाणीच द्यायचं असतं."

"अगं, एका खोलीत शेजारी शेजारी निजलेली लेकरं. वरच्यांना औषध नि खालच्यांना पाणी? सावत्र आईसुद्धा इतकं उघड करत नाही."

"ती आजारी नाहीत, बाबा. त्यांना काहीही झालेलं नाही."

"कवच फोडलंयस की."

सुनेने स्टूल ओढून त्यांना बसवलं आणि सावकाश समजावलं. खालची ओळ उपाशी राहिली तरच वरची जेवली हे कळतं. "तुमच्या दयेपायी तुमचाच पाला बुडतोय. शुक्रवारी बाद होणार आहे तो."

बुवांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्यांचा पाला कुणी बाद केला नव्हता. फार तर लोक धोतराला डाग पडतो म्हणून कुरकुरले होते. त्यांनी खिशातला ड्रॉपर काढून सुनेच्या हातावर ठेवला आणि शब्द दिला.

नवी चोवीस अंडी लागली. तीन दिवस बुवा रस पोचवून बाहेरच्या बाकावर दाराकडे पाठ करून बसले. आत फक्त मदतनीस निरोप आणायचा.

"बुवा विचारतायत, खालच्यांना ऊब तरी वरच्यांएवढीच आहे ना?"

"अगदी तेवढीच. सांगा त्यांना."

"आणि पाणी कोमट करून घालता का?"

शुक्रवारी बाई स्वतः भिंगाला डोळा लावून बसल्या. वरची ओळ: रान. खालची ओळ: चार-दोन काटक्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडे तेच. सुनेने बाकावरच्या बुवांना आत बोलावलं.

कुणाचं कौतुक करायची सवय नसलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "वैद्यबुवा, तुमच्या पाल्यात दम आहे. पुढच्या तपासण्या आहेतच, पण शोधनिबंधात तुमचं नाव येईल. मोठ्या परिषदेत वाचू आपण तो."

मदतनिसाने डोळे पुसले, टेबलाच्याच फडक्याने. बुवांचं मात्र लक्ष नव्हतं. ते भिंगातून खालच्या ओळीतल्या एका अंड्याकडे बघत होते. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"बाई, तुमचं मोजून झालं असेल तर," ते अदबीने म्हणाले, "ह्या खालच्यांना आता एकेक थेंब देऊ का?"