मराठीतून मराठीत

शहाद्याच्या तापीतीर विधी महाविद्यालयाने पहिली आंतरराष्ट्रीय अभिरूप न्यायालय स्पर्धा जाहीर केली, तेव्हा तिच्या दुभाषीपदी भटू चुडामण बोरसे, राहणार ब्राह्मणपुरी, यांची बिनविरोध नेमणूक झाली. भटू एका तालुक्याच्या न्यायालयात पावरी या आदिवासी भाषेचा हंगामी दुभाषी होता. गेली अकरा वर्षं तो हंगामी होता आणि दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसून पुन्हा हंगामी होत होता. कायम होण्याची त्याची फाईल वर गेली होती आणि एक शेरा घेऊन खाली आली होती : उमेदवाराने भाषांतराचा वरच्या दर्जाचा अनुभव जोडावा. आंतरराष्ट्रीयच्या वर दर्जा नसतो, हे भटूने ताबडतोब ओळखलं.

स्पर्धा आंतरराष्ट्रीय कशी, या प्रश्नाचं उत्तर महाविद्यालयाकडे तयार होतं. परीक्षकांत धर्मेंद्रभाई होते. मूळचे म्हसावदचे, पण चौदा वर्षं मस्कतला फर्निचरचं दुकान चालवत असल्यामुळे परदेशी. पुतणीच्या लग्नाला आले होते आणि हळद व लग्न यांच्या मधल्या दिवशी मोकळे सापडले. दुसरे परीक्षक योगेंद्र वकील, भटूच्याच न्यायालयातले ज्येष्ठ. प्रमाणपत्रावर सही त्यांची व्हायची होती.

"आंतरराष्ट्रीय म्हंजे कथा जानं शे? इमानमा?" भटूच्या बायकोने, मंगलाबाईने विचारलं.

"शहादाले जानं शे. यष्टीमा."

"पन तुमले पावरी येस का?"

"कोरटमा अकरा साल व्हई गयात, कोनी इचारं नही. तू कसाले इचारी ऱ्हायनी?"

भटूला पावरी मुळीच येत नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. म्हसावदच्या बाजारात मिरची आणि कोंबडी मागण्यापुरती ती त्याला येत होती. न्यायालयात साक्षीदार दहा-दहा मिनिटं बोलायचा, हात हलवायचा, कधी रडायचाही. भटू मन लावून ऐकायचा आणि सांगायचा, "साक्षीदारास मजकूर कबूल आहे." टाइप करणाऱ्याला हे वाक्य पाठ झालं होतं. काम झपाट्याने निघायचं. कुणाची कधी तक्रार आली नाही. आली असती तरी ती पावरीत आली असती आणि भाषांतराला भटूकडेच आली असती.

स्पर्धेचे नियम प्राचार्या चारुलता मॅडमनी इंटरनेटवरून उतरवून घेतले होते. नियम चौदा असा होता की, स्पर्धकाला कोणत्याही भाषेत युक्तिवाद करता येईल. मात्र एकदा निवडलेली भाषा बदलता येणार नाही आणि दुभाषी जे सांगेल तेच स्पर्धक बोलला असं मानण्यात येईल. हा नियम शोभेसाठी ठेवला होता. सगळे इंग्रजीच पाठ करून येणार, याची मॅडमना खात्री होती. अशा वेळी तिसऱ्या वर्षाच्या रिना डोंगरसिंग पावरा हिने अर्जात भाषेच्या रकान्यात 'पावरी' लिहिलं. रिनाचं इंग्रजी वर्गात सर्वांत चांगलं होतं, म्हणून मॅडमना जरा नवल वाटलं. पण फोटो चांगला येईल म्हणून त्यांनी सही केली.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांना हेडफोन देण्यात आले. ते डीजेवाल्याकडून आणले होते आणि कशालाच जोडलेले नव्हते. नियमात हेडफोन असावेत एवढंच होतं; जोडण्याचा उल्लेख नव्हता. लुटुपुटीचा खटला तापोनिया विरुद्ध नर्मेदिया असा होता आणि दोन्ही देश एका नदीवरून भांडत होते. रिना तापोनियाकडून उभी राहिली आणि शांतपणे पावरीत दोन वाक्यं बोलून थांबली.

"न्यायमूर्ती महोदय," भटू म्हणाला, "तापोनिया या सार्वभौम राष्ट्राच्या वतीने मी नम्रपणे उभी आहे."

योगेंद्र वकिलांनी मान डोलावली. रिनाने भटूकडे बघितलं, सरळ त्याच्याकडे हात केला आणि आणखी काहीतरी बोलली. त्यात 'भटू' हा शब्द स्वच्छ ऐकू आला. सभागृहालाही आला. भटूच्या कपाळावर घाम फुटला, पण अकरा वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

"या वादात भूतान या मित्रराष्ट्राचाही संबंध येतो."

धर्मेंद्रभाईंनी 'भूतान' लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मागच्या रांगांत वसतिगृहातल्या धडगावकडच्या, घरी पावरीच बोलणाऱ्या मुली ओढणी तोंडात कोंबून हसू लागल्या. चारुलता मॅडम ताडकन उठल्या. "शांतता! पातळी आंतरराष्ट्रीय आहे!"

रिना पुन्हा बोलली. या वेळी भटूला दोन शब्द कळले. एक 'डोंगरसिंग', दुसरा 'सोमवार'. न्यायालयाच्या सोमवारच्या बोर्डावर डोंगरसिंग पावरा याची साक्ष होती, शेताच्या दाव्यात, आणि दुभाषी भटूच होता. हा डोंगरसिंग म्हणजे हिचा बाप, हे त्याच्या आता लक्षात आलं. तो घाबरला, अगदी मनापासून घाबरला. मग घसा साफ करून म्हणाला, "जागतिक शांतता परिषद सोमवारी बोलवावी, अशी विनंती आहे."

युक्तिवाद संपला. निकाल एकमताने लागला. उत्कृष्ट वक्ता रिना पावरा, उत्कृष्ट दुभाषी भटू बोरसे. धर्मेंद्रभाई म्हणाले की मस्कतलासुद्धा असं ऐकायला मिळत नाही. रिनाच्या गळ्यात पदक घालून मॅडमनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. रिनाने माईक हातात घेतला आणि स्वच्छ मराठीत बोलायला लागली.

"मी तापोनियाबद्दल एक अक्षरही बोलले नाही. मी एवढंच विचारलं की, भटूकाका, मी काय बोलतेय ते तुम्हाला कळतंय का? नसेल तर नुसतं नाही म्हणा. तीनदा विचारलं, शेवटी बाबांचं नाव घेऊन विचारलं. सोमवारी माझे बाबा पुन्हा साक्षीला उभे राहणार आहेत. मागच्या तारखेला ते म्हणाले होते, या शेतात मी तीस वर्षं नांगर धरलाय, ते सोडणार नाही. कागदावर काय आलं? साक्षीदारास मजकूर कबूल आहे. माझ्या बाबांना सोमवारी दुसरा दुभाषी द्या. मला पदक नको."

 योगेंद्र वकिलांनी भटूच्या प्रमाणपत्रावर टेकवलेलं पेन उचललं. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, चष्मा वर केला आणि खेदाने मान हलवली.

"नियम चौदा. स्पर्धकाने पावरी भाषा निवडली आहे. ती बदलता येत नाही. आत्ताचं निवेदन न्यायपीठाला समजलेलं नाही. ते दुभाष्यामार्फत यावं लागेल." मग भटूकडे वळून जरा आपुलकीने म्हणाले, "भटू, सांग रे भो, पोर काय म्हनी ऱ्हायनी?"

भटूच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत अवघड भाषांतर होतं, कारण या वेळी त्याला सगळं समजलं होतं. त्याने रिनाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि भटूला तिची खरोखर दया आली. मग त्याने पेनाकडे बघितलं.

"स्पर्धक सर्वांची ऋणी आहे," तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. चांगल्या दोन मिनिटं झाल्या. सभागृहात चारशे माणसं होती आणि मराठी न समजणारा त्यांत एकही नव्हता. धर्मेंद्रभाई हेडफोन काढून उभे राहिले, योगेंद्र वकिलांनी झोकदार सही केली आणि भटूची फाईल त्याच आठवड्यात वर गेली.

डोंगरसिंगची साक्ष सोमवारी अकरा वाजता आहे. न्यायालयाचं दार कायद्याने सर्वांना उघडं असतं, मागच्या बाकावर कोणीही येऊन बसू शकतं. ही हकीकत वाचणाऱ्यांनी अवश्य यावं, असं भटूने आग्रहाने कळवलं आहे. रिना काय म्हणाली ते तुम्हीही शब्दन् शब्द वाचलंत, तेही मराठीत, आणि वाचून पुढच्या ओळीवर गेलात. असे श्रोते मागे बसलेले असले की त्याला काम करायला हुरूप येतो.